मच्छेचं विद्यापीठ: व्हीटीयू नेमकं कसं चालतं आणि सीमाभागातल्या मराठी मुलांनी काय जपावं

बारावीचा निकाल लागला की खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांतल्या घरांतून एक वाक्य ऐकू येतं: "पोराला व्हीटीयूत घालायचंय." त्यामागची इच्छा चांगली आहे, पण वाक्यात एक घोटाळा आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजेच व्हीटीयू, हे प्रामुख्यानं संलग्नता देणारं विद्यापीठ आहे. मुलगा प्रवेश घेतो तो कॉलेजात. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं आणि पदवी देतं. हा फरक आधी नीट कळला, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

उद्यमबाग आणि पिरनवाडी मागे टाकून खानापूर रस्त्यानं पुढे गेलं की मच्छे लागतं. तिथून संतिबस्तवाडच्या बाजूला 'ज्ञान संगम' हे विद्यापीठाचं मुख्यालय आहे. कुलगुरूंचं कार्यालय, परीक्षा विभाग आणि पदव्युत्तर विभाग तिथं आहेत. अलीकडे विद्यापीठानं स्वतःच्या आवारांतही बी.टेक. सुरू केलं आहे. पण राज्यभरातली दोनशेच्या घरातली संलग्न कॉलेजं हाच विद्यापीठाचा खरा पसारा. मुलाची चार वर्षं जाणार ती त्यांतल्या एखाद्या कॉलेजच्या वर्गात, प्रयोगशाळेत आणि कँटीनमध्ये.

या कॉलेजांतही प्रकार आहेत, आणि घरच्यांनी पहिल्यांदा विचारायला हवं ते हेच. साध्या संलग्न कॉलेजात प्रश्नपत्रिका विद्यापीठाची असते आणि पेपर तपासणारेही विद्यापीठानं नेमलेले असतात. स्वायत्त कॉलेज, म्हणजे ऑटोनॉमस, अभ्यासक्रम स्वतः आखतं आणि परीक्षाही स्वतः घेतं, पण पदवीवर नाव व्हीटीयूचंच असतं. बेळगावचं १९७९ साली सुरू झालेलं गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अशा स्वायत्त कॉलेजांपैकी एक. तिसरा प्रकार खासगी विद्यापीठांचा. त्यांचा व्हीटीयूशी संबंध उरलेला नसतो आणि पदवीही त्यांची स्वतःची असते. जुन्या नावानं ओळखली जाणारी काही कॉलेजं आता या तिसऱ्या प्रकारात गेली आहेत. त्यामुळे "काकाचा मुलगा तिथंच व्हीटीयूला होता" यावर विसंबू नका. पदवी कुणाची मिळणार, हे प्रवेशाच्या आधी कॉलेजात थेट विचारा.

विद्यार्थ्याला मिळणाऱ्या यूएसएन या नोंदणी क्रमांकातून बरंच काही वाचता येतं. पहिला आकडा विभागाचा असतो: १ म्हणजे बेंगळुरू, २ बेळगाव, ३ कलबुर्गी, ४ म्हैसूर. पुढची दोन अक्षरं कॉलेजची, मग प्रवेशाचं वर्ष, शाखेची दोन अक्षरं आणि शेवटी अनुक्रमांक. 'टू जीआय' अशी सुरुवात दिसली की बेळगाव विभागातलं गोगटे कॉलेज. चार वर्षं हॉल तिकीट, निकाल आणि शिष्यवृत्ती या सगळ्यासाठी हाच क्रमांक लागतो, त्यामुळे तो पाठच होऊन जातो.

विद्यापीठ सुरू झालं १ एप्रिल १९९८ रोजी. त्याआधी अभियांत्रिकी कॉलेजं आपापल्या भागातल्या सर्वसाधारण विद्यापीठांकडे होती, आणि आपल्याकडची धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे. अभ्यासक्रम जागोजागी वेगळे होते. ते राज्यभर एका छत्राखाली आणायचे म्हणून हे तंत्रज्ञान विद्यापीठ निघालं आणि मुख्यालय बेंगळुरूऐवजी बेळगावला आलं. सीमाभागासाठी ही गोष्ट लहान नाही.

ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं आहे, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची कर्नाटकातली कामगिरी इथल्या शाळांत शिकवली जाते. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते, आणि कृष्णराजसागर धरणाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. पण अभियंता म्हणून ते घडले मराठी मुलखात, ही बाजू मराठी मुलांना क्वचितच सांगितली जाते. जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा, मुद्देनहळ्ळीचा, आणि अभियांत्रिकीचं शिक्षण मात्र पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवातीच्या नेमणुका नाशिक आणि खानदेशात होत्या. त्या काळी बेळगावही याच इलाख्यात होतं. १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे बसले. कल्पना अशी, की धरणाची भिंत न उंचावता सांडव्यावर दरवाजे बसवून पाणी काही फूट जास्त साठवायचं आणि पुराचं पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजे आपोआप उघडायचे. दरवाज्यांची ही पद्धत पुढे कृष्णराजसागरावरही वापरली गेली. त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या भाषणात खडकवासल्याचा उल्लेख आला, तर मराठी मुलांना तो माणूस आपला वाटेल.

आता प्रवेशाकडे येऊ. मुख्य वाट कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे केईएच्या सीईटीची. भौतिक, रसायन आणि गणित हे तीन पेपर. प्रत्येकी ६० गुण आणि ८० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. रँक काढताना सीईटीचे टक्के आणि बारावीतले याच तीन विषयांचे टक्के निम्मे निम्मे धरले जातात. समजा बारावीत ३०० पैकी २७०, म्हणजे ९० टक्के आहेत आणि सीईटीत १८० पैकी ९०, म्हणजे ५० टक्के. रँकसाठी ७० धरले जातील. याचा अर्थ बारावीत एकेक गुण जपणारा मुलगा सीईटीला हलकं घेऊ शकत नाही. तसंच केवळ क्लास लावून बारावी दुर्लक्षून चालत नाही. पात्रतेसाठी या तीन विषयांत सर्वसाधारण गटाला ४५ टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात. डिप्लोमावाल्यांची वाट वेगळी: डीसीईटी देऊन थेट दुसऱ्या वर्षात. कॉमेड-के ही खासगी कॉलेजांच्या जागांसाठीची स्वतंत्र परीक्षा आहे आणि तिथल्या जागांची फी सीईटीच्या जागेपेक्षा बरीच जास्त असते.

सीमाभागात खरी गाडी अडते ती कागदांवर.

पहिला कागद कर्नाटकात शिकल्याचा. सर्वसाधारण अट अशी, की पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांत शिक्षण झालेलं असावं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा इथून उत्तीर्ण असावी. इथं मोजली जाते ती शाळा कुठे आहे ही गोष्ट. घर कुठे आहे, याला त्यात महत्त्व नाही. निपाणीजवळच्या गावात घर असून मूल लहानपणापासून कागलच्या शाळेत गेलं असेल, तर ती वर्षं कर्नाटकाची धरली जात नाहीत. उलट बेळगावात दहावीपर्यंत शिकून अकरावी-बारावी कोल्हापूरला केलेला मुलगा आपोआप बाद होत नाही, कारण त्याची सात वर्षं आणि दहावी दोन्ही इथली असतात. चंदगड किंवा गडहिंग्लजकडून फक्त पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात आलेल्या मुलाची मात्र दोनच वर्षं भरतात. गडीनाडू म्हणून ओळखला जाणारा सवलतीचा गट महाराष्ट्रातल्या कन्नडभाषक सीमावासीयांसाठी आहे. मराठीभाषकांनी त्यात अर्ज करून वेळ दवडू नये. दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत या अटी कलमवार दिलेल्या असतात. मुलाचं कलम कोणतं, ते अर्ज भरण्याआधी पेन्सिलनं खूण करून ठेवा.

दुसरा कागद ग्रामीण आरक्षणाचा. पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असतील, तर १५ टक्के जागांत स्पर्धा करता येते. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे, कारण ५ टक्क्यांचं माध्यमाचं आरक्षण कन्नड माध्यमालाच मिळतं, मराठी माध्यमाला नाही. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतली कितीतरी मुलं ग्रामीण गटात हक्कानं बसतात, पण आठवी ते दहावीसाठी बेळगाव शहरातल्या शाळेत गेलेली मुलं त्यातून बाहेर पडतात. एक वर्ष शहरात गेलं, तरी सवलत गेली. दाखला मुख्याध्यापकांकडून भरून घ्यायचा आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची सही आणायची. शाळा दोन-तीन असतील तर दाखलेही दोन-तीन लागतात, आणि कुठल्याही दोन दाखल्यांच्या तारखांत वर्षाची फट राहता कामा नये.

तिसरा कागद जात आणि उत्पन्नाचा. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गांच्या ३बी गटात येतो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचे दाखले आणि तिथले गट इथं चालत नाहीत. दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढायचा आणि त्यावरचा आरडी नंबर अर्जात टाकायचा. केईए तो नंबर ऑनलाइन पडताळते. नंबरामागचं नाव आणि दहावीच्या मार्क्स कार्डवरचं नाव जुळलं नाही, की दावा अडकतो. आपल्याकडे हे सतत घडतं. शाळेत 'पाटील राहुल विजय', आधारवर 'राहुल विजय पाटील' आणि दाखल्यावर 'राहुल व्ही. पाटील' अशी एकाच मुलाची तीन नावं तयार झालेली असतात. दहावीच्या मार्क्स कार्डवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. पुढे पदवीवरही तेच नाव येतं. हे काम दहावी झाल्या झाल्या सुरू करा. मे-जूनमध्ये नाडकचेरीच्या रांगेत उभं राहून ते निभत नाही.

घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर एसएनक्यू या अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या, जागांचा पर्याय अर्जातच निवडून ठेवा. तिथं शिक्षण शुल्क माफ असतं. शिष्यवृत्तीचे अर्ज एसएसपी या राज्याच्या पोर्टलवर करायचे. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात, म्हणून खातं चालू आहे का, हे एकदा बँकेत जाऊन पाहा.

जागावाटपात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ऑप्शन एन्ट्रीत, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमानं यादी भरताना. संगणक रँकनुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचतो आणि पहिली रिकामी सापडलेली जागा देतो. त्या जागेच्या खालचे सगळे पर्याय तिथंच संपतात. म्हणून "मिळण्यासारखी" कॉलेजं वर घालणं ही चूक आहे. खरी इच्छा असलेली वर, मग त्याखालची, अशीच यादी हवी. न मिळणारा पर्याय वर घातल्यानं काही बिघडत नाही. जागा मिळाल्यावर चार चॉइस येतात. पहिला म्हणजे हीच जागा घेऊन प्रवेश पक्का. दुसरा म्हणजे ही जागा राखून यादीतल्या वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत थांबणं. तिसरा म्हणजे ही जागा सोडून पुढच्या फेरीत उतरणं. चौथा म्हणजे बाहेर पडणं. दुसऱ्याच्या जागी तिसरा दाबला, तर हातची जागा जाते आणि परत येत नाही. सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन निश्चिंत होऊ नका. शेवटचं बटण मुलानं स्वतः, चॉइसचं वाक्य मोठ्यानं वाचूनच दाबावं.

प्रवेश झाल्यावर पहिलं वर्ष दोन चक्रांत विभागलेलं असतं. अर्धी मुलं आधी फिजिक्स सायकल आणि अर्धी केमिस्ट्री सायकल करतात, दुसऱ्या सत्रात अदलाबदल होते. पण व्हीटीयूत टिकायचं असेल तर समजून घ्यायची गोष्ट म्हणजे गुणांचं गणित. बहुतेक मुलांना ते पहिला निकाल लागल्यावर कळतं.

प्रत्येक विषयाला १०० गुण असतात. त्यांतले ५० कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, ज्याला सीआयई किंवा नुसतं इंटर्नल म्हणतात. उरलेले ५० सत्राअखेरच्या परीक्षेचे, म्हणजे एसईईचे. ही परीक्षा १०० गुणांची घेऊन निम्म्यावर आणली जाते. उत्तीर्ण होण्यासाठी इंटर्नलमध्ये ५० पैकी २०, एसईईत ५० पैकी १८ आणि दोन्ही मिळून १०० पैकी ४० असं तिन्ही लागतं. 'तिन्ही' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. इंटर्नलला कसेबसे २० आणि एसईईला कसेबसे १८ मिळवले, तर बेरीज ३८ होते आणि विषय जातो. म्हणजे इंटर्नलला २० असतील तर पेपरात १०० पैकी ४० हवेतच. उलट बाजूला इंटर्नलला ५० पैकी ५० मिळवलेल्या मुलाला पेपरात १०० पैकी ३० मिळाले, तर बेरीज ६५ होऊनही तो नापास, कारण ३० चे निम्मे १५ होतात. इंटर्नलमध्ये २० भरलेच नाहीत, तर पेपरालाच बसू देत नाहीत, आणि निकालपत्रात 'एनई', म्हणजे अपात्र, असं येतं. म्हणून दुसऱ्या इंटर्नल टेस्टच्या आधी प्रत्येक विषयात २० ला किती कमी पडतात, हे वहीत लिहून काढा. सर असाइनमेंट देतात ती याच फटी भरण्यासाठी असते. ती उशिरा देऊ नका.

एसईईचा पेपर तीन तासांचा. अभ्यासक्रमात पाच मॉड्यूल असतात, प्रत्येकावर २० गुणांचे दोन पूर्ण प्रश्न आणि त्यांतला एक सोडवायचा. अशा पाच प्रश्नांचे १०० गुण. मुलं अडखळतात ती दोन जागी. एक, पहिल्या प्रश्नाचा 'अ' भाग आणि दुसऱ्याचा 'ब' भाग असं मिसळून लिहितात. तसं चालत नाही, दोनपैकी एका प्रश्नाचेच गुण धरले जातात. दुसरी, एक मॉड्यूल पूर्ण सोडून देतात आणि दुसऱ्या मॉड्यूलचे दोन्ही प्रश्न सोडवतात. मॉड्यूल सोडलं की २० गुण तिथंच बुडतात. म्हणून एखादं मॉड्यूल कच्चं असलं, तरी त्यातली व्याख्या, आकृती आणि सूत्र एवढं तरी यायला हवं. निम्मा प्रश्न सुटला तर १० गुण पदरात पडतात, आणि १०० पैकी ३६ च्या (निम्मे केल्यावर लागणाऱ्या १८ च्या) आसपास रेंगाळणाऱ्या पेपरात तेच निर्णायक ठरतात. निकालावर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून शिक्षकांना दाखवा आणि मगच फेरतपासणीचा अर्ज करा. मुदत थोड्याच दिवसांची असते.

हजेरी ८५ टक्के लागते. योग्य कारण असेल तर १० टक्क्यांपर्यंत माफी मिळू शकते, पण ती हक्क म्हणून मिळत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून रोज येणाऱ्या मुलांची पावसाळ्यात पहिली तासिका नेहमी चुकते. बस उशिरा येते हे खरं असलं, तरी हजेरीपत्रक ते कारण लिहून ठेवत नाही. अशा मुलांनी जून ते सप्टेंबर हॉस्टेलचा किंवा शहरातल्या खोलीचा विचार करावा.

मराठी माध्यमातल्या मुलांना सगळ्यात मोठी उडी पीयूसीलाच घ्यावी लागते. दहावीपर्यंत त्वरण, जडत्व, अपवर्तन हे शब्द, आणि जूनपासून एकदम ॲक्सेलरेशन, इनर्शिया, रिफ्रॅक्शन. संकल्पना माहीत असते पण शब्द अनोळखी असल्यानं मूल गप्प बसतं, आणि मग त्याला विषयच कळत नाही असं वाटायला लागतं. यावर एक साधा उपाय आहे. कर्नाटक बोर्डाची नववी-दहावीची विज्ञानाची आणि गणिताची पुस्तकं एनसीईआरटीवर आधारलेली आहेत. म्हणून दहावीच्या सुट्टीत तोच धडा इंग्रजी एनसीईआरटीत वाचायचा आणि मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवायचं. धडे जवळजवळ तेच असल्यानं अर्थ आधीच माहीत असतो, शब्द तेवढे बदलतात. रोज एक धडा, दोन्ही शब्द एका वहीत शेजारी शेजारी. दोन महिन्यांत दोन्ही वर्षांचं विज्ञान होऊन जातं. पुढे सीईटी आणि व्हीटीयू दोन्हीकडे मराठी प्रश्नपत्रिका नसते, त्यामुळे ही वही उपयोगी पडते.

पहिल्या वर्षात कन्नडचाही एक छोटा विषय असतो. ज्यांना कन्नड येतं त्यांच्यासाठी 'सांस्कृतिक कन्नड', न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड', म्हणजे वापरातलं बोलीव्यवहाराचं कन्नड. विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम योजनेत तो एका क्रेडिटचा आहे आणि पेपर तासाभराचा, ५० बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. इथली मराठी माध्यमाची मुलं शाळेत कन्नड शिकलेली असतात, त्यामुळे कोणता विषय घ्यावा हा प्रश्न पडतो. पानभर कन्नड मजकूर वाचून अर्थ लागत असेल तर सांस्कृतिक, पाट्या आणि बसचे फलक एवढंच वाचता येत असेल तर बळके. घरात मराठी बोलतो म्हणून कन्नडकडे पाठ फिरवणं इथल्या मुलाला परवडणारं नाही. ऑफिसातला क्लार्क, वर्कशॉपमधला इन्स्ट्रक्टर आणि बेंगळुरूला मिळणारी पहिली नोकरी या तिन्ही ठिकाणी ही भाषा कामाला येते. आणि मराठी त्यामुळे कमी होत नाही.

पदवीसाठी आणखी एक गोष्ट लागते, जी मुलं शेवटच्या सत्रापर्यंत विसरतात: सामाजिक कामाचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट, थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना ७५. हे गुणांत धरले जात नाहीत, पण पूर्ण झाल्याशिवाय पदवी अडते. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवणं, विहिरींची पाहणी, कचऱ्याचं वर्गीकरण अशी कामं त्यात बसतात. दरवर्षी २५ केले की ओझं होत नाही. फोटो आणि सही घेतलेली नोंद त्याच दिवशी करून ठेवा. तीन वर्षांनंतर सरपंच बदललेला असतो.

मुख्यालय घराजवळ आहे म्हणून प्रत्येक कामाला मच्छे गाठायची सवय इथल्या पालकांना असते. निकालातली दुरुस्ती, नावातला बदल, ट्रान्सक्रिप्ट, दुसरी प्रत अशा बहुतेक अर्जांवर कॉलेजच्या प्राचार्यांची शिफारस लागते, आणि बरेचसे अर्ज ऑनलाइन सुरू होतात. शिफारशीशिवाय खिडकीपाशी गेलं की परत कॉलेजला पाठवतात आणि दिवस जातो. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जायचं, अर्जाची पोच घ्यायची, आणि पोचेवरचा क्रमांक हातात असल्यावरच मच्छेची बस धरायची. सोबत यूएसएन, दहावीचं मार्क्स कार्ड, आधार आणि सगळ्या सत्रांची मार्क्स कार्डं, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.